वस्तूला गप्प बसता आलं पाहिजे

घरातल्या वस्तूंनी आठवणी जाग्या कराव्यात म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरेच प्रयोग झाले. त्यांतला मला सगळ्यात पटलेला प्रयोग एका पेटीचा आहे, आणि ही पेटी बहुतेक वेळ काहीच करत नाही. डिझाइन-संशोधक विल्यम ओडम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेला हा ‘फोटोबॉक्स’ दिसायला ओकच्या लाकडाची साधी संदूक. आत एक छोटा प्रिंटर दडवलेला. मालकाने फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर साठवलेल्या फोटोंच्या ढिगातून ही पेटी महिन्याला चार-पाच फोटो आपल्या मनाने निवडते, मनाला येईल तेव्हा छापते आणि आत टाकून देते. हवा तो फोटो मागायची सोय नाही, पडदा नाही, ‘तुमच्यासाठी नवी आठवण’ अशी टिंगटिंग नाही. झाकण उघडून बघायचं. फोटो पडलेला असला तर असला, नाहीतर झाकण लावून आपल्या कामाला लागायचं.

तीन घरांत या पेट्या चौदा महिने ठेवल्या होत्या. त्या अभ्यासाचा वृत्तांत २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला घरातली माणसं वैतागली, आणि त्यात नवल नाही. फोटो आपले, घर आपलं, आणि या खोक्याला साधा हुकूम सोडता येत नाही म्हणजे काय! पण महिने जात राहिले तसा राग ओसरला. पेटीचं वेळापत्रक आपल्या हातात नाही हे एकदा मान्य केल्यावर लोक वाट बघायला लागले. एखादा फोटो हाती आला की त्यावर बोलणं व्हायचं, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या त्या ढिगाकडे नव्याने लक्ष जायचं. सगळे फोटो चोवीस तास खिशात असताना जे घडत नव्हतं, ते महिन्याला चार फोटोंनी घडवलं.

हा दाखला पुढे करण्याचं कारण असं, की बाजारात आणि डिझाइनच्या वर्गांत आज वारं नेमकं उलट वाहतंय. भावना जागवणारी वस्तू म्हणजे बोलकी वस्तू, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. फ्रेम फोटो बदलत राहते, स्पीकर हाक मारतो, दिवा लुकलुकतो, आणि प्रत्येकाला आपलं लक्ष हवं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे: आठवणींशी देणंघेणं असलेली वस्तू रचताना ती काय दाखवेल हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की ती गप्प कधी बसेल, आणि तिला गप्प बसवण्याचा किंवा बोलती ठेवण्याचा अधिकार कोणाकडे असेल. आज हे दोन्ही निर्णय घराबाहेर, कुठल्यातरी सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर होतात. ते घरात यायला हवेत. त्यासाठी डिझायनरच्या सदिच्छेवर विसंबून भागणार नाही, थोडा कायदाही लागेल.

आधी वस्तू आणि आठवण यांचं नातं पाहू. एखाद्या गेलेल्या माणसाचा चष्मा घ्या. डबी उघडताना बिजागरी किंचित करकरते. एक काडी वाकलेली, कारण तो माणूस चष्मा नेहमी एका हाताने काढायचा. नाकावर टेकणाऱ्या पॅडच्या कडेला हिरवट थर. काचांचा नंबर घरात कुणालाच लागत नाही. उपयोग म्हणाल तर शून्य, तरी ती डबी तीन घरं बदलूनही कपाटात टिकते. वर्षभर कुणी तिला हात लावत नाही. मग एखाद्या दुपारी, दुसरंच काही शोधताना ती हाताला लागते आणि शोधत होतो ते राहून जातं. आता या डबीला सेन्सर बसवा. ती उघडली की त्या माणसाचा आवाज येईल, भिंतीवर फोटो उमटतील. पहिल्या दिवशी डोळे भरून येतील यात शंका नाही. दहाव्या दिवशी? आणि ‘गेल्या तीन महिन्यांत तुम्ही ही डबी उघडलेली नाही’ असा निरोप फोनवर आला तर? हा विनोद वाटत असेल तर आपल्या फोनमधल्या सूचना एकदा वाचून बघा. तीच बुद्धी चष्म्याच्या डबीपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

मिहाय चिक्सेंटमिहाय आणि यूजीन रॉकबर्ग-हाल्टन या अभ्यासकांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ माणसांना घरातल्या त्यांच्या लेखी खास असलेल्या वस्तू कोणत्या, असं विचारलं होतं. हे संशोधन १९८१ साली पुस्तकरूपाने आलं. लोकांनी खुर्च्या दाखवल्या, चित्रं दाखवली, फोटो दाखवले. का, असं विचारल्यावर मात्र वस्तूच्या गुणांपेक्षा माणसंच जास्त बोलण्यात आली: कोणी दिली, कोण बसायचं, कोणाबरोबर घेतली. पुढे डॅनिएला पेट्रेली आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांना आठवणीच्या वस्तू दाखवायला सांगितलं, तेव्हाही अगदी किरकोळ, रोजच्या वापरातल्या वस्तू पुढे आल्या. कॉम्प्युटरमधल्या गोष्टी क्वचितच कुणी दाखवल्या. त्या वस्तूंमध्ये आठवण ‘भरलेली’ नव्हती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिलं होतं, की माणूस आठवतो म्हणजे साठवलेलं जसंच्या तसं बाहेर काढत नाही, तो दर वेळी ते नव्याने रचतो. वस्तू त्याला फक्त सुरुवातीचा धागा देते. पुढचं विणकाम तो स्वतः करतो, आणि त्या श्रमातच त्या आठवणीचं मोल असतं. बोलकी वस्तू नेमके हेच श्रम वाचवायला निघते. सगळं तयार करून समोर ठेवते. आपल्याकडे बघण्यापलीकडे काम उरत नाही.

याहून गंभीर गोष्ट निवडीची आहे. १९९४ साली मायकेल अँडरसन, रॉबर्ट बियॉर्क आणि एलिझाबेथ बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं, की एका गटातल्या काही गोष्टी आपण पुन्हा पुन्हा आठवल्या तर त्याच गटातल्या न आठवलेल्या गोष्टी मागे पडतात, नुसत्या पडून राहिल्या असत्या त्याहूनही जास्त. प्रयोग शब्दांच्या जोड्यांवर होते, घरातल्या फोटोंवर नव्हते, हे खरं. पण ते कळल्यावर दिवाणखान्यातल्या डिजिटल फ्रेमकडे मी पूर्वीसारखं बघू शकत नाही. ती फ्रेम कोणते फोटो वर काढते? उजेड चांगला असलेले, चेहरे स्पष्ट असलेले, हसरे, सहलीचे. दवाखान्याच्या व्हरांड्यातला हललेला फोटो ती वर काढणार नाही, आणि भांडणानंतरच्या संध्याकाळी काढलेला, कोणीच कॅमेऱ्याकडे न बघणारा फोटो तर नाहीच नाही. दहा वर्षं रोज तेच हसरे चेहरे फिरत राहिले, तर त्या घराचा भूतकाळ हळूहळू कोणी संपादित केला? घरच्यांनी तर नाही. फोटोबॉक्सही निवड करतोच, पण तो चिठ्ठी टाकल्यासारखी करतो. काय सुंदर आणि काय महत्त्वाचं हे ठरवण्याचा आव तो आणत नाही, आणि मला हा फरक लहान वाटत नाही.

निवड बाहेरून झाली की काय होतं याचं उदाहरण २०१४ च्या डिसेंबरात सगळ्यांनी पाहिलं. फेसबुकने वर्षभराचा आढावा म्हणून लोकांना त्यांचेच फोटो सजवून दाखवायला सुरुवात केली. वेब क्षेत्रातल्या एका नावाजलेल्या जाणकाराची लहान मुलगी त्याच वर्षी गेली होती. त्याच्यासमोर तिचाच फोटो आला, भोवती नाचणारी माणसं आणि रंगीत सजावट. त्याने त्यावर लिहिलं, कंपनीकडून दिलगिरी आली, आणि पुढे अनेक कंपन्यांनी अमुक माणूस दाखवू नका, अमुक तारखा वगळा अशा सोयी केल्या. सोयी चांगल्याच आहेत. पण त्या वापरायच्या म्हणजे शोकात बुडालेल्या माणसाने सेटिंगमध्ये जाऊन आपल्या मृत मुलीचा चेहरा यादीत टाकायचा. फोनवर हे घडतं तेव्हा फोन पालथा तरी ठेवता येतो. भिंतीवर टांगलेल्या फ्रेमचं काय करायचं? ती सगळ्या घराची असते, पाहुण्यांसमोर चालू असते, आणि लॉगिन एकाचंच असतं.

हे सगळं वाचून मी यंत्रांच्या विरोधात आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. उलट माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना एका यंत्राचीच आहे. डरेल बिशप लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, १९९२ च्या सुमारास, त्याने निरोप घेणाऱ्या फोन-यंत्राचा एक नमुना मांडला. फोनवर निरोप आला की यंत्रातून एक गोटी घरंगळत बाहेर येते आणि रांगेत जाऊन थांबते. घरी आल्यावर किती गोट्या आहेत हे नुसतं बघूनच कळतं. एक उचलून यंत्रावरच्या खळग्यात ठेवली की तो निरोप ऐकू येतो. निरोप नको असेल तर गोटी पुन्हा यंत्रात टाकायची, ती दुसऱ्या निरोपासाठी मोकळी. हवा असेल तर बाजूला ठेवायची, दुसऱ्यासाठी असेल तर त्याच्या वाटीत.

यात काय काय साधलंय ते बघा. आवाजाला जागा मिळाली, वजन मिळालं. तो मुठीत धरता येतो, खिशात टाकता येतो, खणात ठेवून विसरता येतो. निरोप जपून ठेवण्यासाठी कोणतीही आज्ञा द्यावी लागत नाही. गोटी परत न टाकणं एवढंच पुरतं. आणि गोटी गप्प असते. ती दर गुरुवारी ‘हा निरोप पुन्हा ऐका’ म्हणत नाही. तंत्रज्ञान आत आहे, पण कधी बोलायचं ते हात ठरवतो. हा नमुनाच राहिला, दुकानात कधी आला नाही. पण स्पर्शातून चालणाऱ्या यंत्रांबद्दल बोलणारे लोक तीस वर्षांनंतरही त्याचा दाखला देतात, आणि नंतरच्या कितीतरी चकचकीत वस्तू त्याच्यापुढे फिक्या पडतात.

स्वीडनच्या लार्स हाल्नेस आणि योहान रेडस्ट्रॉम या डिझाइन-संशोधकांनी २००१ साली ‘स्लो टेक्नॉलॉजी’ची बाजू मांडली: वेळ वाचवणारं तंत्र कामाच्या जागी ठीक, घरात थांबायला आणि विचार करायला लावणारंही तंत्र हवं. विल्यम गेव्हर आणि त्याच्या गटाने लंडनमध्ये याच वळणाचं एक टेबलक्लॉथ बनवलं होतं. त्यावर एखादी वस्तू ठेवली की तिच्या खालची लेससारखी नक्षी मंद उजळायला लागते, आणि वस्तू तशीच राहिली तर ते उजेडाचं वलय तासन्‌तास वाढत जातं. किल्ल्या सकाळपासून इथेच आहेत, पत्र अजून कुणी उचललं नाही, एवढंच ते सांगतं, तेही कुजबुजत. अशा वस्तूंना बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही, असा आक्षेप लगेच येतो. खरा आहे. काही न करणारी वस्तू विकणं अवघड असतं. पण महिना वर्गणीवर चालणाऱ्या वस्तूला तर गप्प बसणं परवडतच नाही. ती गप्प बसली की गिऱ्हाईक वर्गणी बंद करतं. म्हणून ती बोलत राहते. घरात उठसूट येणाऱ्या त्या सूचनांमागे भावनेपेक्षा हा हिशेब जास्त असतो.

वस्तू जास्त बोलते हा अर्धाच प्रश्न झाला. दुसरा अर्धा अधिक बोचरा आहे: ती एके दिवशी आपल्याला न विचारता कायमची गप्प होते.

‘जिबो’ नावाचा घरगुती यंत्रमानव आठवतोय? मान वळवून बघायचा, घरातल्यांचे चेहरे ओळखायचा, नाचायचा. २०१४ मध्ये लोकवर्गणीतून त्याच्यासाठी पैसा उभा राहिला, २०१७ मध्ये तो घरोघरी पोचला. २०१९ मध्ये त्यानेच आपल्या मालकांना सांगितलं, की ज्या सर्व्हरच्या जोरावर मी हे सगळं करतो ते आता लवकरच बंद होणार आहेत. तुम्ही मला घरात ठेवून घेतलंत त्याबद्दल आभार. दोन वर्षांत वस्तू म्हातारी झाली नव्हती. मोटर ठीक, पडदा ठीक, घरातली मुलं तिच्यावर माया करत होती. कंपनी संपली म्हणून ती संपली. हा निरोप इतका हृद्य लिहिला होता की त्यामागचा व्यवहार विसरायला व्हावं, आणि मला त्याचाच राग येतो. मरणाचा अभिनय करणारं यंत्र बनवायला वेळ मिळाला, सर्व्हरशिवाय थोडंफार चालणारं बनवायला मिळाला नाही.

सोनीच्या ‘आयबो’ या यांत्रिक कुत्र्याची गोष्ट थोडी वेगळी. १९९९ मध्ये तो आला, २००६ मध्ये उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. मग कंपनीच्याच काही माजी तंत्रज्ञांनी दुरुस्तीचं काम हातात घेतलं. सुटे भाग मिळायचे ते दुसऱ्या बंद पडलेल्या आयबोंमधून. आणि ते भाग काढण्याआधी जपानमधल्या चिबा प्रांतातल्या कोफुकुजी मंदिरात त्या कुत्र्यांसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. बाहेरच्या बातमीदारांना त्यात गंमत दिसली. मला त्यात दिसतं ते हे, की आयबो उघडता येत होता. त्याचा पाय दुसऱ्याला बसत होता. म्हणून त्याचा शेवट कधी, हे काही अंशी तरी मालक ठरवू शकले. फ्रान्समध्ये २००५ साली आलेला ‘नाबाझताग’ हा कान हलवणारा इंटरनेट-ससा २०११ मध्ये सर्व्हर बंद पडल्यावर शोभेची वस्तू झाला. काही वर्षांनी त्याच्याच निर्मात्यांनी लोकवर्गणी काढून पोटात बसवायचा नवा छोटा कॉम्प्युटर तयार केला, आणि कपाटातले ससे पुन्हा कान हलवायला लागले, या वेळी कंपनीच्या सर्व्हरवाचून. म्हणजे हे जमतं. आधीपासून जमलं असतं.

सर्व्हर चालू असण्यातही धोका आहे, तो ‘क्लाउडपेट्स’ने दाखवला. आई-वडील कामावरून निरोप पाठवतील आणि मऊ खेळणं तो त्यांच्याच आवाजात मुलाला ऐकवेल, अशी ही कल्पना. कल्पना म्हणून मला ती आवडते, अगदी प्रामाणिकपणे. पण २०१७ च्या फेब्रुवारीत उघड झालं, की आठ लाखांहून अधिक खात्यांची माहिती पासवर्डही नसलेल्या डेटाबेसमध्ये पडली होती, आणि आई-मुलांच्या वीस लाखांवर ध्वनिमुद्रणांपर्यंत बाहेरच्यांना पोचता येत होतं. खेळण्याच्या पोटातच आवाज साठवला असता तर? साठवणीची चिप तेव्हाही महाग नव्हती. आवाज बाहेर नेला गेला तो तंत्राची सक्ती म्हणून नव्हे, तशी पद्धत पडली म्हणून.

कायदा इथे लागतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, इंटरनेटला जोडलेली वस्तू विकताना सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०२४ मध्ये १८४ स्मार्ट वस्तूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या सुमारे ८९ टक्के वस्तूंच्या बाबतीत सॉफ्टवेअरचा आधार किती काळ मिळेल हे उत्पादकाच्या वेबसाइटवर सांगितलेलंच नव्हतं. मुदत जाहीर करा ही मागणी योग्य आहे, पण टोस्टर आणि आठवणींची वस्तू यांना एकच माप लावून भागत नाही. टोस्टर बंद पडला की दुसरा घेता येतो. आवाज, चेहरे, हस्ताक्षर जपण्यासाठी विकली जाणारी वस्तू वेगळ्या वर्गात धरायला हवी. तिचं मूळ काम, म्हणजे साठवलेलं ऐकवणं किंवा दाखवणं, इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. आत जे आहे ते साध्या, सगळीकडे उघडणाऱ्या फाइलींच्या रूपात बाहेर काढता आलं पाहिजे. कंपनी बंद होणार असेल तर शेवटचं अपडेट वस्तूला स्वतंत्र करणारं असलं पाहिजे. आणि बंद करायचं बटण खरं, हाताला लागणारं असावं, पाच पडद्यांच्या मागे लपवलेलं नको. यातलं काहीही अवघड अभियांत्रिकी नाही.

आता माझ्या बाजूची दुबळी जागा. गप्प बसलेली वस्तू त्यालाच उपयोगी, ज्याला स्वतःहून आठवता येतं आणि ज्याचे हात चालतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला चष्म्याची डबी कपाटात आहे हेच आठवत नसेल तर? केंब्रिजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत गळ्यात अडकवायचा ‘सेन्सकॅम’ नावाचा कॅमेरा तयार झाला होता. तो आपोआप फोटो काढत राहायचा. मेंदूच्या आजारामुळे स्मृती गमावलेल्या एका स्त्रीने त्याचे फोटो नवऱ्याबरोबर बसून दर दोन-तीन दिवसांनी पाहिले, आणि एरवी काही दिवसांत पुसले गेलेले प्रसंग तिला कित्येक महिन्यांनंतरही सांगता आले. नुसती लिहिलेली रोजनिशी वाचण्याने इतका फरक पडत नव्हता. हे संशोधन २००७ मधलं. तिथे ‘वस्तूने गप्प बसावं’ म्हणणं निर्दयपणाचं होईल, आणि ते मी म्हणणार नाही. पण त्या प्रयोगात नवरा शेजारी बसला होता हे विसरू नये. कधी बघायचं, कधी थांबायचं हे यंत्र ठरवत नव्हतं. ज्यांना स्वतःला ठरवता येत नाही त्यांच्या वतीने ठरवणारं माणूस जवळचं असावं. त्या जागी कंपनीची सेवा बसवली की आपण दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायला लागतो.

दुसरी कबुली अशी, की जुन्या वस्तू म्हणजे निष्ठावान आणि नव्या म्हणजे दगाबाज, असा भाबडेपणा कामाचा नाही. कॅसेटची फीत झिजते, रंगीत फोटो फिके पडतात, पुरात सगळंच जातं. शिवाय एकच वस्तू तीन भावंडांत वाटता येत नाही, आवाजाच्या प्रती मात्र हव्या तितक्या निघतात. डिजिटलचं हे देणं मोठं आहे. ते नाकारून कुणी ‘खऱ्या’ वस्तूंचे गोडवे गायला लागलं की मला शंका यायला लागते, की यांच्या घरात वाटणी झालेली नसावी.

मात्र एका बाबतीत मी तडजोड करणार नाही. जून २०२२ मध्ये अॅमेझॉनने आपल्या परिषदेत एक सोय दाखवली: मुलगा स्पीकरला म्हणतो, आजीला गोष्ट पुढे वाचायला सांग, आणि स्पीकर गेलेल्या आजीच्या आवाजात वाचायला लागतो. मिनिटभरापेक्षाही कमी ध्वनिमुद्रणावरून हा आवाज तयार होऊ शकतो, असं सांगण्यात आलं. सभागृहाला ते भावनेचं तंत्रज्ञान म्हणून दाखवलं गेलं. पण गेलेल्या माणसाचं खरं ध्वनिमुद्रण आणि हा तयार केलेला आवाज यांत जो भेद आहे तो याच लेखाच्या विषयाचा आहे. खरं ध्वनिमुद्रण संपतं. चार मिनिटं सतरा सेकंदांनी आजी थांबते. शेवटी ती कुणालातरी ‘झालं का?’ असं विचारते आणि बटण दाबल्याचा खट् आवाज येतो. त्या खट् नंतरची शांतता ऐकणाऱ्याची असते. तिथे त्याला कळतं की एवढंच आहे, आणि उरलेलं त्यालाच आठवायचंय. तयार केलेला आवाज कधीच संपत नाही. तो नवं पुस्तक वाचेल, उद्याचं हवामान सांगेल, औषधाची वेळ झाल्याचं बजावेल, आजीने जन्मात न वापरलेले शब्द वापरेल. काही महिन्यांत नातवाच्या कानात खरी आजी कुठली आणि यंत्राची कुठली हे वेगळं राहणार नाही, कारण आठवणं म्हणजे पुन्हा रचणं, आणि रचायला माल कोण पुरवतंय ते आता उघड आहे. प्रौढ माणसाने जाणूनबुजून, स्वतःपुरतं असं काही वापरलं तर त्याचा तो प्रश्न. घराच्या मधोमध ठेवलेल्या, सगळ्यांशी बोलणाऱ्या वस्तूत हे बसवायला मात्र बंदी असावी. गेलेल्या माणसाने हयातीत स्पष्ट लेखी होकार दिला नसेल तर नक्कीच.

वारसाहक्काचा मुद्दा याला लागूनच येतो, आणि त्याकडे डिझायनर आणि कायदेकर्ते दोघांनीही कानाडोळा केलेला आहे. ऑनलाइन खात्यांबाबत थोडी हालचाल झाली: गूगलने २०१३ मध्ये, अॅपलने २०२१ मध्ये मालकाच्या पश्चात खातं कुणाच्या हाती जावं हे आधीच ठरवण्याची सोय केली. घरातल्या वस्तूंचं काय? आज कोणतीही स्मार्ट वस्तू दुसऱ्याला द्यायची तर उत्पादकाची पहिली सूचना असते: फॅक्टरी रीसेट करा. सगळं पुसून टाका, मग द्या. जुना फोन विकताना हे शहाणपणाचंच आहे. पण आठवणींची पेटी मुलीला देताना आधी आतल्या आठवणी पुसा म्हणणं वेडेपणाचं आहे. आणि न पुसता दिली तर ती मेलेल्या माणसाचा पासवर्ड मागत बसते. या वस्तूंमध्ये पुसण्याच्या शेजारी दुसरा पर्याय हवा: आत आहे ते सगळं तसंच ठेवून मालक बदलण्याचा, आणि देणाऱ्याला त्यातलं थोडं आधी काढून घेता येईल असा. कारण काही निरोप मुलीसाठी असतात आणि काही नसतात. पुढच्या वेळी आठवणी जपणारं एखादं उपकरण कुणी कौतुकाने दाखवलं, तर ते काय काय करतं हे ऐकून घ्यावं आणि मग विचारावं, हे दुसऱ्याच्या नावावर करायचं कसं. बहुतेक जण माहितीपुस्तिका उघडतील, आणि तिथे रीसेटचं पान सापडेल.